निम्म्या-निम्म्याचे मोदक

१७ ऑगस्ट, रविवार

बेअरिंगवाल्यानं जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी सात महिने टीव्हीच्या कपाटात पडून होती. आज काढली. घरात जे सुरू होणार आहे ते बाहेर कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि न सांगता राहणं माझ्या प्रकृतीला मानवत नाही.

सूनबाईला, तेजश्रीला, सातवा महिना. काल डॉक्टरीणबाईंनी बजावलं की आता पलंग सोडायचा नाही. एरवी हे सोपं होतं. पण हिनं बँकेतून वर्षभराची बिनपगारी रजा घेऊन घरातच चॉकलेटचा धंदा काढलाय, आणि पहिली मोठी ऑर्डर नेमकी आत्ता आली. सातपूरच्या एका कंपनीला गणपतीसाठी चॉकलेटचे नऊशे मोदक हवेत. साडेचारशे डबे, डब्यात दोन. मंगळवार, २६ तारीख, दुपारी बाराच्या आत.

"बाबा," ती पडल्यापडल्या म्हणाली, "ही ऑर्डर नीट पोचली तर मी बँकेला राजीनामा देणार. नाही पोचली तर रजा संपली की मुकाट्यानं परत काउंटरवर."

हसत म्हणाली, पण उशीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मी म्हटलं, "मी आहे ना."

मयुरेश, आमचा चिरंजीव, नगरकडे एका कारखान्यावर मोटार बसवायला गेलाय. २५च्या रात्रीशिवाय येत नाही. म्हणजे सगळं माझ्यावर. हरकत नाही. सोळाव्या वर्षी पेठहून नाशकात एका पिशवीनिशी आलो, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातल्या जळक्या मोटारी तांब्याच्या तारेनं भरून दिल्या, स्वतःचं वाइंडिंगचं दुकान काढलं, इंदिरानगरात घर बांधलं. माणसं सांभाळून घेता येतात म्हणूनच हे झालं. शिवाय माझे कान तीक्ष्ण. चालू मोटारीच्या आवाजावरून कोणतं बेअरिंग बोंबलतंय ते सांगतो.

१८ ऑगस्ट, सोमवार

संकट आलं. विंचूरहून सकाळच्या बसनं विहीणबाई आल्या. यशोदाबाई, तेजश्रीच्या आई. हातात तुपाची बरणी, खांद्याला पिशवी, डोक्यावर पदर आणि चेहरा पंचनाम्याला आल्यासारखा.

"काय वो इवाई, माझ्या पोरीला आडवं केलं का तुमी?"

"डॉक्टरांनी केलं, विहीणबाई."

"डाक्टर काय घरात राहातो का?"

मागून कुसुम, आमची सौभाग्यवती, अतिशय गोड आवाजात म्हणाली, "या ना विहीणबाई. चहा साखरेचा घेता ना अजून?" हा आवाज मी ओळखतो. तीन फेजपैकी एक फेज गेलेली असते तेव्हा मोटार असाच गोड गुणगुणते आणि मग जळते.

भांडण जुनं आहे, चार वर्षांचं. लग्नात रुखवतातला डिंकाचा लाडू जरा कडक निघाला. पंगतीत कुणीतरी चेष्टेनं म्हणालं, "हा लाडू खोलायला बारा-तेराचा पाना लागेल." पंगत हसली. मीही हसलो. विनोद खरोखर चांगला होता. यशोदाबाईंनी धरून ठेवलं की हे कुसुमच बोलली. कुसुमनं कधी खुलासा केला नाही. का केला नाही, देव जाणे. बायकांच्या मनात काय असतं ते बाहेरून कळत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज लाद्यांवरून पेटलं.

तेजश्री वापरते ते कोको बटरचं खरं चॉकलेट. त्याच्या दहा किलो लाद्या कपाटात आहेत. ते थर्मामीटर लावून तापवायचं, निववायचं, पुन्हा किंचित तापवायचं, तेव्हा कुठे चकाकतं आणि कडक बसतं. कुसुमनं कॉलनीतल्या क्लासात शिकलेलं चॉकलेट निराळं. कंपाउंड म्हणतात त्याला. कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पतीतेल. वितळवा, ओता, झालं. आज सकाळी तीही रविवार कारंजाच्या बाजारातून दहा किलो घेऊन आली.

यशोदाबाई म्हणाल्या, "माझ्या पोरीच्या धंद्यात डालडा नाय चालायचा."

"डालडा?" कुसुमनं लादी ओट्यावर आपटली. तडा लादीला नाही, ओट्याला जातो की काय वाटलं. "तुमच्या लेकीचं चॉकलेट थर्मामीटर लावून बसवणार कोण? ती पलंगावर. तुम्ही?"

"म्या करते. दूध आटवताना उतू जायच्या आधी मला वासावरनं कळतंय."

"कळतं ना! लाडूही वासावरूनच वळले होते वाटतं."

घरात इतकी शांतता झाली की फ्रीजचा कॉम्प्रेसर ऐकू येऊ लागला. (त्याचा एक पाय सैल आहे. बघावा लागेल.)

२० ऑगस्ट, बुधवार

सुटला प्रश्न. मला माझीच पाठ थोपटावीशी वाटते.

विहिणीचा मान मोठा. तिचं सामान बाजूला ठेवलं तर ती बस धरून विंचूरला जाणार आणि चार वर्षांची आठ वर्षं होणार. बायकोचं बाजूला ठेवलं तर मला मोटारी भरायच्या दुकानात राहायला जावं लागणार. मी दोघींना समोरासमोर बसवलं आणि निवाडा दिला. निम्मं-निम्मं. एकाच पातेल्यात पाच किलो हिचं, पाच किलो तिचं. असे दोन घाणे. नऊशे मोदक, प्रत्येकात दोन्ही घरं.

"बराबर हाय," यशोदाबाई म्हणाल्या.

"चालेल," कुसुम म्हणाली.

दोघी एकाच वाक्यावर तयार झाल्या, असं चार वर्षांत प्रथमच.

तेजश्रीला सांगायला गेलो तर ती उठूनच बसली. "बाबा, नको! दोन्ही एकत्र नका करू. वेगवेगळी चांगली आहेत ती. एकत्र आली की—"

"झोप, झोप," मी म्हटलं. "मला कळत नाही का? पण मी आहे मध्ये."

"बाबा, मी चॉकलेटबद्दल बोलतेय."

"मी पण," मी म्हटलं आणि डोळा मारला. तरुण पिढीला वाटतं माणसं वेगवेगळी ठेवली की घर चालतं. आमच्या पिढीनं मिसळून दाखवलंय.

२१ ऑगस्ट, गुरुवार

पहिला घाणा झाला, साडेचारशे मोदक. दोघींनी मिळून ओतलं. एकीनं पातेलं धरलं, दुसरीनं साचे. बोलणं फक्त "धरा" आणि "सोडा" एवढंच. पण भांडणापेक्षा बरं. रात्रभर साचे फ्रीजमध्ये.

तेजश्रीनं सकाळपासून दोनदा हाक मारली. मी दोन्ही वेळा फोनवर होतो, निफाडच्या गिऱ्हाइकाचा पंप अडला होता.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

अनर्थ.

सकाळी साच्यातून मोदक निघाले तेव्हा देखणे होते. कुसुमनं टेबलावर पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडले. मी स्वतः मोजले. अकरा वाजता पुन्हा बघतो तर पहिल्या रांगेतल्या मोदकांची शेंडी एका अंगाला झुकलेली. दुपारी एकपर्यंत सगळे कलंडले. उचलायला गेलो तर बोटाचा ठसा उमटला. आधार कार्डाला चालेल इतका स्पष्ट.

बाहेर उकाडा नाही. पंख्याखाली पंचवीस-सव्वीस डिग्री, फार तर. कुसुमनं कंपाउंडची कोरी लादी शेजारी ठेवली, ती टणक. यशोदाबाईंनी कोको बटरचा तुकडा ठेवला, तोही टणक. फक्त आमचे मोदक लोण्यासारखे.

"दृष्ट लागली," यशोदाबाई म्हणाल्या.

"कुणाची?" कुसुमनं विचारलं.

मी पटकन फ्रीजचा सैल पाय दुरुस्त करायला बसलो.

दहा किलो माल गेला. उरलेल्या दहात पुरा मोदक केला तर साडेचारशेच होतात, म्हणजे निम्मीच ऑर्डर. तेजश्रीच्या लाद्या मुंबईहून येतात आणि तो माणूस फोनवर म्हणतो की आता गणपतीनंतर. रविवार कारंजावरही गणपतीच्या गर्दीत कंपाउंड संपलंय. तेजश्री भिंतीकडे तोंड करून पडली. ते मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

एक नोंदायचं राहिलं. संध्याकाळी कुसुमनं कोपऱ्यावरून मातीची बैलजोडी आणली आणि पाटावर मांडून यशोदाबाईंना हळदकुंकू लावायला बोलावलं. आमच्याकडे नाशकात आल्यापासून पोळा केलेला नाही. विहीणबाईंच्या दारात बैलांच्या तीन जोड्या आहेत आणि त्या स्वतः मात्र आज इथे अडकल्यात. पण हिला नेमकं आजच बैल का आठवले, काही कळत नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

सकाळी दोघी तेजश्रीच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी गॅलरीत पेपर वाचत होतो. खिडकी उघडी होती, त्याला माझा इलाज नाही.

तेजश्री बराच वेळ हळू काहीतरी समजावत होती. मग कुसुम म्हणाली, "मग सांगू का त्यांना?" आणि तेजश्री म्हणाली, "नको. स्वतःचं स्वतःला कळलं की डोक्यात राहतं. सांगितलं तर अजून एखादा तह करतील."

मयुरेशबद्दल बोलत असणार. त्याचा स्वभावच तसा, ऐकून घेत नाही. आजोबांवर गेलाय.

दुपारी दोघी ओट्याशी बसून पडलेले मोदक पातेल्यात खरवडत होत्या. भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

"एक सांगू का विहीणबाई?" कुसुमचा आवाज. "तो पान्याचा शब्द माझा नव्हता."

खरवडणं थांबलं. "मंग कोनाचा?"

एवढ्यात बया मिक्सर लावते! काय नाव घेतलं ते गेलं. मिक्सर थांबला. मग यशोदाबाईंचा आवाज आला, "आनि तुमी चार वर्सं गप ऱ्हायलात?"

"नवऱ्याचं नाव कसं सांगायचं पंगतीत? लग्नघर होतं."

आणि मग हसणं. दोघींचं. असं की पातेलं जमिनीवर पडून गडगडत माझ्या दारापर्यंत आलं. मी आत गेलो तर यशोदाबाईंनी तोंडाला पदर लावलेला.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुठं काय, इवाई. पातेलं पडलं."

कुणाच्या तरी नवऱ्याची गोष्ट असणार. कॉलनीत अशा बऱ्याच आहेत. यशोदाबाई नंतर कुसुमला "ताई" म्हणाल्या. टोमणाच असावा.

२४ ऑगस्ट, रविवार

ही तारीख लाल शाईनं लिहायला हवी होती. घरात लाल पेन नाही.

घरात बसवेना म्हणून सकाळीच दुकान उघडलं. निफाडच्या पंपाच्या वायरींची टोकं जोडायची होती. कारागिराला सुट्टी, म्हणून किती वर्षांनी स्वतः सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं. सोल्डरची तार टेकवली, थेंब झाला, चकाकत वाहिला. आणि हात तिथेच थांबला.

साठ-चाळीस! तारेच्या रिळावर लिहिलेलंच असतं. साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं. शिसं एकटं वितळवायचं तर सव्वातीनशे डिग्री लागते. कथील एकटं सव्वादोनशेच्या वर. आणि दोघांना एकत्र केलं की एकशेनव्वदच्या आतच पाणी! दोघांपैकी कुणीही एकटं इतक्या लवकर हार मानत नाही. माझे मिस्त्री, यादव मिस्त्री, सांगायचे, "मल्हारी, पंगतीत मुलाकडचे सगळे एका ओळीत बसले की मांडीला मांडी लागून घट्ट बसतात, उठवून उठत नाहीत. मधेमधे मुलीकडचे बसव. कुणाची मांडी कुणाच्या मांडीला लागत नाही. वाढप्यानं नुसतं खाकरलं तरी पंगत उठते."

पंचेचाळीस वर्षं ह्यावर पोट भरलं. पातेल्यात पाच-पाच किलो मीच ओतायला लावलं. आणि दृष्ट कुणाची लागली ते शोधत बसलो! कोको बटर एकटं कडक, कंपाउंडचं तेल एकटं कडक, दोन्ही मिसळली की पंख्याखाली पंगत उठली.

स्कूटर काढून सुसाट घरी. तेजश्रीच्या खोलीत उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कथील, शिसं, पंगत, सगळं. तिनं एकदाही मधे तोंड घातलं नाही.

"हो का, बाबा?" ती म्हणाली. "म्हणजे एकत्र करायला नको होतं?"

"मुळीच नको होतं!"

"बरं झालं सांगितलंत."

गुणी मुलगी. बुधवारीही तिला असंच काहीतरी म्हणायचं असावं, पण नेमकं मांडता आलं नसेल.

स्वयंपाकघरात गेलो तर आश्चर्य. दोन पातेली, दोन टेबलं. एकीकडे यशोदाबाई डोळ्यांवर कुसुमचा चष्मा लावून थर्मामीटर बघताहेत, दुसरीकडे कुसुम कंपाउंड वितळवतेय. मी सांगायच्या आधीच! योगायोग म्हणायचा.

पण प्रश्न तसाच. "इवाई, ह्यात साडेचारशेच व्हत्यात," यशोदाबाई म्हणाल्या. आज आवाजात पंचनामा नव्हता. थकलेल्या होत्या. "पोर काल रातच्याला रडली. मला वाटलं तुमास्नी ऐकू आलं आसंल. तुमचे कान लय तिखट म्हनत्यात."

मला ऐकू आलं नव्हतं. हे इथे लिहून ठेवतो.

ओट्याशी बसलो. खिशात हात घातला तर दुकानातला तारेचा तुकडा तसाच आलेला. सवयीनं पक्कडीनं तोडला आणि टोकाकडे पाहिलं. सोल्डरची तार भरीव नसते. बाहेर धातूची नळी आणि पोटात राळ, मऊ. बाहेरचं कडक पोटातल्या मऊला धरून ठेवतं.

"विहीणबाई," मी म्हटलं, "मोदक भरीव कशाला हवा? खरा मोदक तरी कुठे भरीव असतो? नुसती पारी करा. साच्यात ओता, हलवा, उलटा करून जास्तीचं काढून टाका. आणि सारण म्हणून हे भरा." मी वाया गेलेल्या दहा किलोच्या पातेल्याकडे बोट केलं. "तोंडाला पुन्हा कडक चॉकलेटचं झाकण."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. कुसुमनं पातेल्यात बोट बुडवून चाटलं. मग यशोदाबाईंनी. मग पुन्हा कुसुमनं.

"अगं बाई," कुसुम म्हणाली. "जिभेवर ठेवलं की गेलंच."

"लोन्यावानी," यशोदाबाई म्हणाल्या.

तेजश्रीनं पलंगावरून हिशेब केला. उरलेल्या दहा किलोच्या नुसत्या पाऱ्या केल्या तर नऊशे बरोबर होतात. डब्यात एक कोको बटरचा, एक कंपाउंडचा. मग तिनं कंपनीतल्या बाईंना फोन लावला आणि मी खुणेनं नको नको म्हणत असताना सगळं खरं सांगून टाकलं. एका मोदकाची पारी कशाची, दुसऱ्याची कशाची, आत काय. "चव बघून ठरवा," म्हणाली. मी दोन मोदक डब्यात घालून स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिले. बाईंनी दारातच एक खाल्ला. मग लगेच दुसरा. मग म्हणाल्या, "मंगळवारी बारा म्हणजे बारा हं."

२५ ऑगस्ट, सोमवार

लिहायला वेळ नाही. डबे दुमडतोय. मला साच्यांना हात लावायची बंदी आहे.

२६ ऑगस्ट, मंगळवार. हरतालिका

पोचले. साडेअकराला. मयुरेश रात्री आला आणि सकाळी त्यानंच गाडी चालवली. मी मागे डबे धरून बसलो. त्र्यंबक रोडच्या प्रत्येक खड्ड्याला नऊशे मोदकांचा जीव माझ्या मांडीवर. एकाचीही शेंडी वाकली नाही.

चार वाजता बाईंचा फोन आला. दिवाळीला पुन्हा हवेत, "तेच, आत मऊ असलेले." तेजश्रीनं फोन ठेवला आणि बँकेला पाठवायचं पत्र टाइप करायला घेतलं. मयुरेश म्हणाला, "विचार कर जरा." ती म्हणाली, "दहा दिवस छताकडे बघत तेवढंच केलं."

दोघी विहिणी उपाशी, हरतालिकेचा उपास. तरी रात्री बराच वेळ स्वयंपाकघरात काहीतरी भाजल्याचा वास. डिंक असावा. विचारलं तर कुसुम म्हणाली, "यशोदाताई मला तेजूसाठी बाळंतिणीचे लाडू आत्तापासून शिकवतायत."

शिकवतायत! मी कुठे होतो ह्या घरात इतके दिवस?

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

गणपती बसले. आरतीला यशोदाबाईंचा आवाज सगळ्यात वर. जेवायला पानं मांडली. मला पाटावर मधोमध बसवलं, उजवीकडे विहीण, डावीकडे बायको. म्हटलं, अखेर घराला कळलं की तह कुणी घडवला.

कुसुमनं माझ्यासमोर एक झाकलेली ताटली ठेवली. "आधी हे."

झाकण काढलं. डिंकाचा एक लाडू. आणि शेजारी, घासून पुसून, माझ्या हत्यारांच्या पेटीतला बारा-तेराचा पाना.

कुणी हसलं नाही. तेजश्री आतून पलंगावरूनच दाराकडे मान वळवून बघत होती. मयुरेश भाताकडे. बैलजोडी अजून पाटावरच होती, तीही बघत होती.

चार वर्षं. पंगतीत टाळी मिळाली म्हणून मी खूश झालो होतो, आणि बायकोनं ते आपल्या अंगावर घेतलं. स्वयंपाकघरातला मिक्सर माझ्यासाठीच लावला होता. आता सगळं ऐकू येतंय.

"विहीणबाई," मी म्हटलं, "चुकलो."

"खावा आधी," त्या म्हणाल्या.

पाना बाजूला ठेवला. लाडू तोंडात घातला. विनोद चार वर्षांपूर्वीही चांगला होता आणि खरा होता, लाडू अजून तसाच आहे. पण संपवला. सगळा. वर "छान झालाय" म्हटलं. दोघी एकदम हसल्या, एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून, आणि तेजश्री आतून ओरडली, "मला हसवू नका, डॉक्टरांनी सांगितलंय!"

मागची दाढ दुखतेय. गणपती असेपर्यंत कुणाला सांगणार नाही.